गंगू, एक नग

मेलेल्या माणसाची वाटणी होत नाही, असं शास्त्र सांगतं. शास्त्र लिहिणाऱ्यांना शीवच्या कोळीवाड्यात कुणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासानं ते वेशीवरूनच परतले असते. त्यामुळे अठराशे चौऱ्याण्णव सालच्या माघात तिथं एका मेलेल्या बाईची वाटणी झाली, रीतसर झाली आणि तिचा कागदही झाला.

मोडत होता तो संसार धोंडू नाखवा आणि त्याची बायको अंबिका यांचा. गिरगावातल्या शिकलेल्या घरांत नवरा-बायको जन्मभर एकमेकांचं तोंड न बघता राहत आणि त्याला धर्म म्हणत. कोळ्यांना तेवढी सवड नव्हती, भरती-ओहोटी सांभाळायची होती. जमातीपुढं गवताची काडी मोडायची, की लग्न मोडलं. मागं उरतात ती भांडीकुंडी, ती पंचांनी वाटून द्यायची.

अंबिकाला भांडी नको होती. होडी नको होती. तिला एकच हवं होतं: गळ्यातली गंगू उतरायला हवी होती.

गंगू म्हणजे धोंडूची पहिली बायको. ती तापानं गेली आणि वर्षाच्या आत धोंडूनं अंबिकाला घरात आणलं. पहिली मेली की दुसरीनं तिचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली तिची मूर्ती, गळ्यात बांधायचा अशी रीत. रीत करणारे लोक व्यवहारी होते. मेलेली सवत घरात मोकळी सोडली तर कुठं बसेल सांगता येत नाही. गळ्यात बांधली की निदान पत्ता तरी ठाऊक राहतो.

खाऱ्या पाण्यानं चांदी काळी पडते म्हणून सासूनं, पुतळाबाईनं, टाक हळदीच्या फडक्यात शिवून त्याची थैली केली. लग्नाच्या सकाळी सगळीच घाई होती. ओहोटी लागायच्या आत वऱ्हाडाच्या होड्या अंबिकाच्या माहेरी माझगावला पोचायच्या होत्या. देव्हाऱ्यातले वाडवडिलांचे टाक चिंचेनं घासून एका ताटात ओलेच पडले होते, आणि गंगूचा नवा टाकही देवपण यावं म्हणून त्यांच्याच पंगतीत ठेवला होता. पुतळाबाईनं एका हातानं वऱ्हाडाला शिव्या देत दुसऱ्या हातानं थैली शिवली. त्यानंतर सात वर्षं ती कुणी उसवली नाही. सवतीला उसवून बघायची हौस कुणाला असणार?

सासरच्या पहिल्याच पहाटे अंबिका जागी झाली ती तंबाखूच्या वासानं. धोंडू होडीवर गेला होता. घरात चिलीम ओढणारं कुणी नव्हतं. छातीवर थैली ऊन लागत होती, कुणीतरी मुठीत धरून नुकतीच सोडल्यासारखी. आणि मग कोपऱ्यात, जाळ्यांच्या ढिगाआड, कुणीतरी खोकलं. खोल, घोगरं, एकदाच.

"आये, घरात कोन खोकतं?" तिनं सकाळी विचारलं.

"कोन खोकनार? ताप छातीत उतरला होता तिच्या," पुतळाबाई म्हणाली.

"आन् तंबाखूचा वास?"

"मिश्री लावायची ती. दिवसातून चारदा." पुतळाबाईला सुनेच्या भुतापेक्षा सुनेच्या खर्चाची आठवण जास्त होती.

तेव्हापासून ताटातला पहिला घास गंगूचा. नवं लुगडं आधी थैलीपुढं ठेवायचं, मग नेसायचं. परळच्या नाक्यावर गिरण्या सुटायच्या वेळी अंबिका मासळीची पाटी घेऊन बसे ती जागाही गंगूचीच. वडाच्या बुंध्याशी, सावलीची, बाजारातली सगळ्यात चांगली. जुनी गिऱ्हाइकं घाईत हाक मारत, "गंगू, बांगडा कसा दिलास?" पहिली दोन वर्षं अंबिका म्हणे, मी गंगू नाय. तिसऱ्या वर्षापासून ती भाव सांगू लागली.

पहाटे खोकला येई. अंबिका पडल्या पडल्या त्याच्याशी बोले. आधी भीतीनं, मग सवयीनं. दुसरं बोलायला होतंच कोण? धोंडू कसा घोरतो, धोंडूला अंगाखाली काय जमतं आणि काय जमत नाही, सासू कशी थेरडी आहे आणि देव तिला का नेत नाही, हे सगळं तिनं सात वर्षं थैलीला सांगितलं. सवतीला सांगायला लाज कसली? तिनं तोच नवरा भोगला होता आणि तीच सासू. थैली ऐकून घेई. कधी कधी फार ऊन होई, इतकी, की अंबिका ती छातीवरून बाजूला सारी.

मूल झालं नाही. "गंगू रुजू देत नाय," पुतळाबाईनं ठरवून टाकलं. धोंडूनं उरणची मुलगी बघितली. तिच्या बापानं एकच अट घातली: "घरात सवत नको. जिती नको आन् मेलेली बी नको." धोंडूनं त्याच संध्याकाळी अंबिकाला सांगितलं, आणि रडायचं सोडून अंबिकानं विचारलं, "काडी कधी मोडायची?"

तिनं हिशेब मनात मांडला होता. काडी मोडली की धोंडू सुटला. धोंडू सुटला की त्याची मेलेली बायकोही सुटली. भाऊ रघू काळाचौकीच्या चाळीत राहत होता, शेजारची खोली रिकामी होती. तिथं ती एका पहाटे जागी होईल आणि कोपऱ्यात कुणी खोकणार नाही. तेवढ्यासाठी ती नेसत्या लुगड्यानिशी निघायला तयार होती.

पंच बसले ते दुपार कलल्यावर, देवळाच्या अंगणात. मधोमध चटई, चटईवर गिरगावचे चिंतामणराव. ते एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते आणि बी.ए.च्या परीक्षेला तीनदा बसल्यामुळं विद्वान समजले जात. मागच्या साली एक काडीमोड कोर्टात गेली तेव्हा साहेबानं कागद मागितला होता, आणि पंचांनी काडी दाखवली होती. म्हणून यंदा चिंतामणराव. ते वारा बघून बसले होते, बोंबील मागं ठेवून.

"लिवा," जमातीचा पाटील कुशाबा म्हणाला. "बायनं म्हायेरून आनलं ते बायचं. नवऱ्यानं घातलं ते नवऱ्याचं. दोघांनी मिळून केलं ते अर्धं अर्धं."

"झालं?"

"झालं. अजून काय पायजे?"

"काही नको. आमच्या साहेबांना एवढंच सांगायला चाळीस पानं लागतात." चिंतामणरावांनी लेखणी दौतीत बुडवली.

पाटा-वरवंटा अंबिकाचा. पलंग धोंडूचा. कोंबड्या सहा, तीन-तीन. त्यातली एक आजारी निघाली तेव्हा थोडी खडाजंगी झाली, पण अंबिकानं ती कोंबडी पदरात घेतली आणि विषय सोडला. तिचं लक्ष कोंबड्यांत नव्हतं.

"गळ्यात काय आहे?" चिंतामणरावांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"सवत हाय," कुशाबा म्हणाला.

चिंतामणरावांनी लिहायला घेतलेला 'दागिना' खोडला. "घातली कुणी?"

"धोंडूनं."

"मग नवऱ्याची. सोडा, बाई."

अंबिकानं दोन्ही हात मानेमागं नेले. गाठ सात वर्षांची, घामानं आणि खवल्यांनी दगड झालेली. तिनं नखं लावली तोच धोंडू उभा राहिला.

"थांब! मना नको ती!"

"तुझीच ना रं बायको?" कुशाबानं विचारलं.

"व्हती! आता ती हिची सवत हाय. ज्याच्या गळ्यात त्याची."

"वा रं वा," अंबिका म्हणाली. "काडी मोडल्यावर मी तुझी कोन? कुनीच नाय. मग ती माझी सवत कशी? नवरा तुझ्याकडं आन् सवत माझ्याकडं, ही कुठली वाटनी?"

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. मुद्दा बिनतोड होता, आणि बाईनं काढल्यामुळं आणखीच अवघड झाला होता. कोळीवाड्याच्या आठवणीत चांदीला वारस मिळत नव्हता अशी ही पहिलीच वेळ.

"अहो पाटील, एवढं काय त्यात?" चिंतामणराव म्हणाले. "चांदी आहे ना? वितळवा, अर्धी इकडे, अर्धी तिकडे."

जाळी विणणाऱ्या बायांचे हात थांबले.

"चिंतामणराव," कुशाबा फार हळू म्हणाला, "अर्धी गंगू म्हंजे कुठली? वरची का खालची?"

चिंतामणरावांनी कचेरीत बंगले वाटले होते, विहिरी वाटल्या होत्या, एकदा तर एक गल्ली उभी चिरली होती. याला त्यांच्याजवळ कलम नव्हतं.

"देवळात ठेवा," पुतळाबाईनं आवाजाच्या दिशेनं तोंड करून सुचवलं. आता तिला माणसं दिसत नव्हती, आवाजावरून ओळखावी लागत.

"देवीच्या शेजारी सवत? देवी ऱ्हाईल?"

"मग दर्यात सोडा."

"आन् जाळं कुठं टाकायचं, म्हातारे? तुझ्या परसात?" एका पंचानं विचारलं. दर्याचा विषय तिथंच बुडाला.

तोवर गाठ सुटली होती. अंबिकानं थैली चटईच्या मधोमध ठेवली. पाचही पंच एक-एक वीत मागं सरले, कुणी कुणाला न सांगता. फडकं मेण चढल्यासारखं काळपट झालं होतं, कडेला पापलेटचं एक खवलं चिकटून चमकत होतं.

"कोण ओढतंय हो?" चिंतामणरावांनी मान वर केली. "लिहिताना मला तंबाखूचा धूर सोसत नाही."

कुणीच ओढत नव्हतं. वाळत टाकलेली जाळी निश्चल लोंबत होती, वाऱ्यानं एक धागा हलत नव्हता. चिंतामणरावांनी दौत थैलीपासून दूर सरकवली, आणि आपण ती का सरकवली याचा विचार करणं टाळलं.

अंबिकाच्या गळ्याभोवती दोऱ्याचा पांढरा पट्टा उमटला होता. तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. गार वाटलं. घरातलं माणूस बाहेर उभं केल्यासारखी थैली चटईवर एकटी पडली होती. तिनं नजर उचलली आणि धोंडूकडं पाहिलं.

सात वर्षांत तिला धोंडूचे पुष्कळ चेहरे पाठ झाले होते, हा नवा होता. पण चेहरा तिच्या ओळखीचा होता. परळच्या नाक्यावर ती तो रोज बघे. दिवे लागायची वेळ आली, पाटी अजून भरलेली आहे, आणि उद्या ही मासळी कुत्रंही खाणार नाही हे ठाऊक असलेल्या बाईचा तो चेहरा होता. अशा बाईशी भाव कसा करायचा ते अंबिकाला कुणी शिकवायला नको होतं.

"मी नेते तिला," ती म्हणाली.

धोंडूनं श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत अंबिका पुढं बोलली.

"पन मेलेलं मानूस पोसायला लागतं. रोजचा पयला घास हाय, सालाचं लुगडं हाय. मी कुठंबी उन्हात बसून इकलं तर तिला कुठनं घालू? परळची जागा तिची. गंगू जिथं, जागा तिथं."

"घे," धोंडू म्हणाला.

"तांब्याचा हंडा तिच्या म्हायेरचा. मेलेल्या बायचा हंडा उरणवालीनं भरायचा? बरं दिसंल?"

"घे गो, घे!" हे पुतळाबाई.

चिंतामणराव लिहीत होते. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसू लागला होता.

"आन् होडीचं शीड."

"शीड?" धोंडूचा आवाज चिरकला.

"गंगूच्या पाटल्या मोडून घेतलंस ते शीड. वाड्याला ठाव हाय. मासळीतला शिडाचा वाटा आता गंगूकडं येनार. दर खेपेला."

"अगो ए! होडी माझ्या आज्यानं बांधली! आज्याच्या होडीत बायकांचा वाटा? आजा काय म्हनंल?"

"इचार की आज्याला," अंबिका म्हणाली.

तेव्हा चटईवर कुणीतरी खोकलं.

पंचांनी ऐकलं, बायांनी ऐकलं. चिंतामणरावांनी न ऐकल्याचं दाखवलं, पण त्यांच्या ओळीवर शाईचा एक थेंब पडला तो कागदावर अजून आहे. खोकला खोल होता, घोगरा, आणि एकदाच. मान्य, असं म्हणून उठणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"दिला," धोंडू म्हणाला. "दिला वाटा. उचल तिला."

अंबिकानं थैली उचलली. ती ऊन होती. तिनं दोरा गळ्याभोवती घेऊन गाठ मारली, आणि ज्या गोष्टीपासून सुटायला ती आली होती ती स्वतःच्या हातानं पुन्हा बांधून घेतल्याचं तिच्या लक्षात आलं. आता मात्र ती गाठ तिची होती.

"वर्णन लागेल," चिंतामणराव घसा साफ करत म्हणाले. "वस्तू बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. जरा उसवून..."

"नाय!" पाच पंच, धोंडू आणि पुतळाबाई एका आवाजात म्हणाले. त्या संसारात एकमत झालेली ती एवढीच गोष्ट.

मग चिंतामणरावांनी लिहिलं: गंगू, एक नग, फडक्यात शिवलेली, अंबिकाकडे. यापुढे धोंडूचा व त्याच्या वारसांचा तिच्यावर हक्क नाही, व शिडाच्या वाट्याखेरीज तिचा त्यांच्यावर नाही. खाली पाच पंचांनी सहीऐवजी एकेक वल्हं काढलं. कुशाबानं गवताची काडी मोडली. कागदाला दुपार लागली होती, काडीला काही लागलं नाही.

काळाचौकीच्या खोलीत पहिल्या पहाटे खोकला आला. अंबिकाला बरं वाटलं. "हाईस ना गो?" ती म्हणाली, आणि रघूची बायको कशी कोती आहे ते सांगायला लागली. परळची जागा चालली, हंडा कोपऱ्यात चमकू लागला, शिडाचा वाटा शीवहून येऊ लागला.

चैत्रात त्या वाट्याबरोबर बातमी आली. उरणची पोर धोंडूच्या घरात राहायला तयार नव्हती. चुलीशी बांगड्या वाजतात म्हणे. रात्री पालथी घातलेली भांडी सकाळी उताणी असतात. पाण्याला गेलं की मागून कुणी "जागा माझी" म्हणतं.

"खुळी हाय पोर," अंबिका बातमी आणणाऱ्या कोळणीला म्हणाली. "गंगू तर हितं हाय." आणि तिनं थैली थोपटली. तरी दिवसभर तिच्या मनातून ते जाईना. बांगड्या? सात वर्षांत तिनं एकदाही बांगड्या ऐकल्या नव्हत्या.

फडकं आता विरलं होतं. दुसऱ्या दिवशी परळला जाताना ती लालबागच्या गुणाजी सोनाराकडं थांबली. आता गंगू तिच्या मालकीची होती, कागद झाला होता. चांगली कडी लावून मानानं घालावी असं तिनं ठरवलं होतं.

गुणाजीनं टाके उसवले आणि टाक रिठ्याच्या पाण्यात टाकला. ब्रशानं घासला. चांदीवर सात वर्षांचा घाम आणि मासळी होती, ती ढगासारखी पाण्यात पसरली. त्यानं टाक उजेडात धरला, चष्मा पुसला, परत धरला.

"चांदी जुनी आहे गं. चाळीस वर्षांची तरी. आता अशी मिळत नाही. कुणाची मूर्ती म्हणालीस?"

"माझ्या सवतीची."

"सवत पागोटं घालायची?"

अंबिकानं टाक हातात घेतला. पागोटं होतं. उजव्या हातात वल्हं होतं, डाव्या हातात चिलीम. आणि घासून घासून चेहरा गुळगुळीत झाला होता तरी कानापासून कानापर्यंत गेलेली मिशी अजून बोटाला लागत होती.

पुतळाबाईनं शंभरदा सांगितलेलं लग्नाच्या सकाळचं ताट तिच्या डोळ्यांपुढं आलं. चिंचेनं घासलेले, ओले, एकमेकांवर पडलेले टाक. ओहोटीची घाई. पुतळाबाईचा डोळे बारीक करून ताटात चाचपडणारा हात. धोंडूचा आजा खोकून खोकून मेला, आणि मरताना त्याच्या हातात चिलीम होती, हे वाड्यात प्रत्येकाला ठाऊक होतं. होडी त्यानंच बांधली होती. वाटा द्यायला तो मोकळा होता.

मग तिला आपण सात वर्षं आजेसासऱ्याला काय काय सांगितलं ते आठवलं. धोंडूचं अंगाखालचं. सगळं. थैली मधेच ऊन का व्हायची ते तिला लालबागच्या भर रस्त्यावर, दुपारच्या उन्हात कळलं.

आणि गंगू? गंगू लग्नाच्या त्या सकाळपासून धोंडूच्याच देव्हाऱ्यात, कुळातल्या पुरुषांच्या रांगेत बसली होती. सात वर्षं उलटली, रोजची फुलं आणि सणाचा नारळ घेत, आणि तिच्या नावाचा पहिला घास घरात निघत होता तोवर गप्प. उरणची पोर रोज आंघोळ करून तिच्याच पाया पडत असणार.

"बदलून आणायचाय का?" गुणाजीनं विचारलं. "का लावू कडी?"

बदलायचा म्हणजे शीवला जायचं, पंच बोलवायचे, चटई टाकायची, परळची जागा, हंडा आणि शीड परत मांडायचं. अंबिकानं पदर ओढून डोक्यावर घेतला, मोठ्या माणसासमोर घेतात तसा, आणि खाली बघत म्हणाली, "लावा."

कागद गिरगावात चिंतामणरावांच्या कचेरीत होता. त्यावर "गंगू, एक नग" असं लिहिलं होतं, आणि खाली पाच वल्ही होती.